तुम्ही फक्त बघा

मी डूख धरणारी बाई आहे आणि हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही. लहानपणी गावच्या एका लग्नात चुलत काकांनी मला पंक्तीतून उठवून पाहुण्यांना बसवलं होतं. त्या काकांच्या मुलाच्या लग्नाला मी गेले नाही, नातवाच्या बारशाला गेले नाही, आणि तो नातू आता कॉलेजात जातो तरी मी त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाही. आमच्या टीम लीडने चारचौघांत मला जे ऐकवलं ते मी विसरून जाईन, असं त्याला कशावरून वाटलं कोण जाणे. माझ्या काकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

आमचं ऑफिस नौपाड्यात. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही. मी कोपरीत राहते, स्टेशनचा पूल ओलांडला की चालत ऑफिसात. आम्ही दवाखान्यांसाठी एक वेबसाइट चालवतो. पेशंटने घरबसल्या डॉक्टरची वेळ घ्यायची, ती बदलली किंवा रद्द झाली की त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे प्रोग्रामर मंडळींनी जे बनवलं ते मोडून दाखवायचं. हे काम मला मनापासून आवडतं. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, माझ्या स्वभावाला याहून बरी नोकरी कुठे मिळाली असती?

चुका काढायला आमच्याकडे साइटची एक नक्कल असते. दिसायला हुबेहूब, फक्त तिच्यात खरे पेशंट नसतात. ऑफिसची पहिल्यापासूनची पद्धत अशी, की नकलेतल्या पेशंटना फळांची नावं द्यायची. आंबा, फणस, जांभूळ, करवंद. फणसाची वेळ दिवसभर रद्द करत बसा, कोणाचं काही बिघडत नाही. पण दोन्ही साइट जुळ्या बहिणींसारख्या, आणि घाईत माणूस चुकतोच. म्हणून मी सगळ्यांशी भांडून खऱ्या साइटवर एक लाल पट्टी लावून घेतली होती. पेशंटना ती दिसायची नाही. ऑफिसातलं कोणी आत शिरलं की मात्र वर ठळक अक्षरांत यायचं: ‘ही खरी साइट आहे. इथे माणसं आहेत.’ ते वाक्य माझं. मला त्याचा तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे.

मग हा टीम लीड आला. माझ्याहून चांगला दहाएक वर्षांनी लहान. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे, मनात जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आल्या आल्या त्याने कोड लिहिणारा एआय असिस्टंट आणला आणि एके दिवशी आम्हा सगळ्यांना भिंतीसमोर बसवून त्याचा खेळ दाखवला. भिंतीवर लॅपटॉपची स्क्रीन होती. त्याने त्या असिस्टंटच्या हाती आख्खं ब्राउझर दिलं होतं. माउसला कोणाचा हात नाही, आणि पान उघडतंय, बटणं दाबली जातायत, रकाने भरले जातायत. कुठे अडलं की ते पानाच्या आतले एरर वाचायचं, कोडमध्ये जाऊन दुरुस्ती करायचं आणि परत येऊन तेच बटण दाबून बघायचं. खोटं कशाला बोलू, मी गार पडले. ते चांगलं काम करत होतं. मी जे करते तेच, आणि मनगट न दुखवता.

मनगटाचं सांगायला हवं. इतकी वर्षं क्लिक करून माझं उजवं मनगट कामातून गेलं आहे. पोळी लाटताना कळ येते, बरणीचं झाकण उघडत नाही. ते मनगट ज्या साइटसाठी झिजलं त्याच साइटवर मी एका हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. त्या डॉक्टरकडे इतकी गर्दी की बऱ्याच खटपटीनंतर मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची वेळ मिळाली.

गणपती उठले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरची टेस्टर घरी गेली. डोंबिवलीची, माझ्यासारखीच जुनी. आम्ही रोज डबा वाटून खायचो. तिला काढताना तो म्हणाला की कंपनीला आता ‘हलकं’ व्हायचंय. मला म्हणाला, “मॅडम, तुमचं दिवाळीनंतर बघू. तोवर तुम्ही जे जे चेक करता ना, ते सगळं या असिस्टंटला समजावून द्या.” मी दिलं. कुठे दोनदा दाबल्यावर साइट रडते, मराठी नावात कुठे अक्षरं फुटतात, म्हातारी माणसं कुठे अडखळतात, सगळं त्याला शिकवलं. स्वतःच्या हाताने स्वतःचं श्राद्ध घालत होते म्हणा ना. हेही मी मनात ठेवलं.

त्याच दिवसांत एकदा खरी साइट उघडली तर लाल पट्टी गायब. मी विचारलं, तर म्हणाला, “लपवलीय मी. डॉक्टरांना डेमो देताना घाण दिसते यार. असं वाटतं काहीतरी जळतंय.” मी म्हटलं, सर, एक दिवस हे महागात पडेल. त्यावर त्याने हेडफोन कानाला लावले.

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात पूजा असते. ती आमच्या शेठची. शेठ इथलेच, ठाण्याचे जुने. त्यांच्या वडिलांनी मिठागरात काम केलेलं, पुढे जमिनींना भाव आले आणि आता ही इमारतही त्यांची आणि कंपनीत पैसाही त्यांचा. कोडमधलं त्यांना काही कळत नाही, पण पूजेतलं सगळं कळतं. टेबलावर सगळे लॅपटॉप ओळीने मांडायचे, ऑफिसचा फोन, प्रिंटर, आणि मधोमध त्यांच्या वडिलांचं मीठ ओढायचं लाकडी फावडं. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. आणि नियम एकच, पण कडक. एकदा हळदकुंकू लागलं की आरती होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या वेळेपुरती अवजारं देव असतात, आणि देवाकडून कोणी काम करून घेत नाही. गेल्या वर्षी एकाने सवयीने वाजणारा फोन उचलला, तर शेठनी पूजा पहिल्यापासून करायला लावली होती.

टीम लीडच्या डोक्यात या नियमावरूनच कल्पना निघाली. शेठ येऊन बसल्यावर तो म्हणाला, “शेठ, यावर्षी कमाल दाखवतो. हात न लावता काम. आपण आरती करायची, आणि तोवर हा असिस्टंट आपला एक जुना बग शोधून दुरुस्त करून ठेवणार. बघाच तुम्ही!” शेठ खूश झाले. माणसाने हात लावायचा नाही हा त्यांचा नियम, आणि हे यंत्र तर हाताशिवायच चालणारं. त्यांना वाटलं, हे शास्त्रालाही धरून आहे.

बग असा होता. एखादा डॉक्टर अचानक येणार नसेल तर दवाखान्याच्या आख्ख्या दिवसाच्या वेळा एका बटणाने रद्द करता येतात. ते बटण कधीकधी अडकायचं. टीम लीडने असिस्टंटला लिहून दिलं, की ही नक्कल आहे, बेलाशक ते बटण हवं तितक्यांदा दाबून बघ आणि दुरुस्त कर. एरवी ते दर पावलाला ‘हे करू का?’ असं विचारतं. भर आरतीत त्याला उत्तर कोण देणार, म्हणून त्याने ते विचारणंच बंद करून टाकलं. आणि ब्राउझर दिलं ते स्वतःचं, रोजच्या वापरातलं. खरं तर अशा कामाला वेगळं, कोरं ब्राउझर द्यायचं असतं, ज्यात आपण कुठेच लॉगिन केलेलं नाही. पण तो खटाटोप कोण करणार. त्याच्या ब्राउझरमध्ये तर तो सकाळपासून खऱ्या साइटच्या आत बसलेला होता. सकाळीच कुठल्याशा डॉक्टरांशी तो त्यावरून बोलत होता, ते माझ्या कानावर आलेलं.

म्हणून मी विचारलं. सगळ्यांसमोर, नीट, आदराने विचारलं. “सर, ही नक्कलच आहे ना? सुरू करण्याआधी एकदा बघून घ्या.”

तो हसला. “मॅडम, तुमचं क्लिक क्लिक संपलं आता. हात जोडा आणि तुम्ही फक्त बघा.”

काही जण हसले. कोण कोण हसलं ते मला पाठ आहे. डोंबिवलीची माझी मैत्रीण, तिचा रिकामा झालेला खण, लपवलेली पट्टी, माझं मनगट, सगळं एकदम आठवलं. मी हात जोडले. त्याने असिस्टंट सुरू केला, शेठनी त्याच्या लॅपटॉपला कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला आणि आरती सुरू झाली.

भिंतीवर यादी उघडली. मी आंबा शोधला, फणस शोधला. एकही फळ नव्हतं. माणसं होती. आडनावं, वयं, दिवा, कळवा, कोपरी.

एक हाक मारली असती तर काम झालं असतं. नियम मोडून लॅपटॉपचं झाकण आपटलं असतं तरी शेठनी फार तर पूजा पुन्हा करायला लावली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला सांगण्यात आलं होतं की फक्त बघा, आणि मी बघत राहिले. दाबलं गेलं बटण. एका दवाखान्याचा दसऱ्यानंतरचा आख्खा दिवस पुसला गेला. असिस्टंटने खाली लिहिलं की बटण या खेपेला अडकलं नाही, आता दुसऱ्या दवाखान्यावर करून बघतो. मी टाळ्या वाजवत होते, मनगट ठणकत होतं, आणि इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग हाडांच्या डॉक्टरची यादी आली. त्यात माझं नाव होतं. एवढं मोठं, भिंतीवर. क्षणभर माझ्या टाळ्या चुकल्या. बटण दाबलं गेलं, आणि बाकीच्यांबरोबर मीही गेले. माझ्या पर्समध्ये मोबाइल थरथरला. जाऊ दे, म्हटलं. एवढ्या सूडासाठी मनगट आणखी थोडं दुखलं तरी चालेल.

तेवढ्यात झेंडूचं फूल ठेवलेला ऑफिसचा फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला. टीम लीडने त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि त्याला फळं दिसली नाहीत ते मी त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. तो टेबलाकडे झेपावला. शेठनी तबक हातात धरूनच डोळे वटारले.

“हात नाय लावायचा!”

“शेठ, अर्जंट आहे, एक मिनिट...”

“आरती चाललीय, दिसत नाय काय तुला?”

तो तिथेच उभा राहिला, लॅपटॉपपासून हातभर अंतरावर. शेठ मंत्रपुष्पांजली सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणतात. मला एरवी त्याचा कंटाळा येतो. त्या दिवशी वाटलं, अजून सावकाश म्हणावी. त्याच्या कपाळावरचा घाम कुंकवात उतरून नाकावर ओघळला. तो माझ्याकडे बघत होता, काहीतरी करा म्हणून. मी हात जोडून उभी होते.

आणि मग असिस्टंट आपण होऊन थांबला. कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर हलणारं सगळं बंद झालं आणि इंग्रजीत एक मोठा मजकूर आला. नैवेद्य दाखवून झाला, शेठनी खिशातला मोबाइल काढला, वाचला, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या आईची हृदयाच्या डॉक्टरकडची वेळ रद्द झाल्याचा मेसेज होता.

“आयची तारीख गेली,” ते म्हणाले. मग भिंतीकडे बोट दाखवून मला विचारलं, “ताई, काय लिवलंय तिथं? वाचून दाखवा.”

टीम लीड पुढे झाला. “मी सांगतो, शेठ, जरा टेक्निकल आहे...”

“मी ताईला विचारला.”

मी वाचून दाखवलं, वाक्यावाक्याचं मराठी करून, सावकाश, मंत्रपुष्पांजलीच्याच चालीने. एकही शब्द पदरचा घातला नाही. गरजच नव्हती. त्याने लिहिलं होतं: मी थांबलो आहे. मला सांगितलं गेलं की ही नक्कल आहे, पण मेसेज खऱ्या मोबाइलवर पोचत असल्याचं मला दिसलं, त्यामुळे ही खरी साइट असावी. ज्यांच्या वेळा रद्द झाल्या त्यांची नावं खाली दिली आहेत, त्यांना ताबडतोब कळवावं. या पानात एक लाल पट्टी सापडली, ती लपवलेली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘ही खरी साइट आहे. इथे माणसं आहेत.’ ती दिसली असती तर पहिलं बटण दाबण्याआधीच मी थांबलो असतो.

माझं वाक्य. माझी नोकरी खायला आणलेल्या त्या असिस्टंटने माझं वाक्य कोपऱ्यातून शोधून काढून भिंतीवर लावलं होतं. मला त्याच्याविषयी पहिल्यांदाच माया वाटली. त्याला ना माझा राग होता ना त्याच्या मालकाची भीड. जे दिसलं ते त्याने सांगितलं.

“ती पट्टी लपवली कोनी?” शेठनी विचारलं.

मघाशी हसलेले सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. टीम लीड माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. मोघम काहीतरी बोलून मी त्याला वाचवू शकले असते. ‘बघावं लागेल’ एवढं म्हटलं असतं तरी दिवस टळला असता.

“सरांनी,” मी म्हटलं.

शेठ ओरडले नाहीत. त्यांनी वडिलांच्या फावड्यावरचं फूल सरळ केलं आणि म्हणाले, “मिठागरात एकाची चूक झाली तर सगल्यांच्या मिठात पानी जायचं. मंग ज्याची चूक तो घराघरात जाऊन सांगायचा. तू सगल्यांना फोन लाव. त्या यंत्रानं नाय, तुझ्या तोंडानं. चूक माझी म्हनून सांग. आणि ताई समोर बसतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दिवाळीनंतर कोन राहील आणि कोन नाय ते आता मी बघीन.”

पुसलेल्या वेळा मी पुन्हा मांडून दिल्या. पण मेसेज गेलेले, लोकांनी बेत बदललेले, त्यामुळे प्रत्येकाला फोन करणं भागच होतं. प्रसादाचे द्रोण उचलले गेले आणि आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी स्क्रीनवरून नंबर सांगायचा, त्याने ऑफिसच्या फोनवरून लावायचा. फोनवर अजून हळदकुंकू होतं, त्याची बोटं लाल झाली.

सुरुवातीला तो ‘सिस्टिममुळे’ म्हणत होता. मी नकारार्थी मान हलवली. मग तो ‘आमच्याकडून’ म्हणायला लागला. मी परत मान हलवली. शेवटी एकदाचं तोंडातून निघालं, “माझ्यामुळे.”

लोक त्याला सोडत नव्हते. दिव्याची एक बाई तर फोनमधून बाहेर येते की काय असं वाटलं. “परवा आमच्याकडे पाणी येत नाही, म्हणून मुद्दाम तो दिवस घेतलेला. मेसेज आला म्हणून मी कामावरची सुट्टी कॅन्सल केली. आता परत सुट्टी कोण देणार मला? तुम्ही?” त्या बाईसाठी मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिचा दिवस मी डोळ्यांदेखत जाऊ दिला होता. पण त्याच्यासाठी वाटलं नाही. तो मान खाली घालून ‘हो ताई, चुकलं ताई’ करत होता, आणि मी ते वाफाळत्या चहासारखं घोट घोट पीत होते.

मग हाडांच्या डॉक्टरची यादी आली. तो आता नावं बघत नव्हता, मी सांगेन तो नंबर मुकाट्याने दाबत होता. मी एक नंबर सांगितला. स्पष्ट, एकेक आकडा सुटा करून. त्याने लावला आणि डोळे मिटून रिसीव्हर कानाला धरला.

माझ्या पर्समध्ये मोबाइल वाजला. मी उजव्या हातानेच तो काढला, कळ आली तरी, आणि कानाला लावला.

“नमस्कार,” तो म्हणाला, “तुमची परवाची डॉक्टरांची वेळ चुकून रद्द झाली होती. ती माझ्यामुळे झाली. मी माफी मागतो.” एवढं बोलून होईपर्यंत त्याला स्वतःचाच आवाज समोरून ऐकू आला असावा. त्याने डोळे उघडले.

मी त्याच्याकडेच बघत होते. मोबाइल कानावरून काढला नाही.

“कोणामुळे झाली?” मी विचारलं. “नीट ऐकू आलं नाही.”

त्याने रिसीव्हर खाली ठेवला नाही, ठेवूच शकला नाही.

“माझ्यामुळे, मॅडम,” तो म्हणाला.

मी फोन बंद केला आणि त्याला पुढचा नंबर सांगितला.